लिंबूवालीच्या शेजारची आक्का

"पिशवी बगू आदी," असं म्हणून ती हात पुढे करायची. गिऱ्हाईक भाजी बघायला वाकलेलं असायचं, आणि तेवढ्यात हिनं त्याच्या हातातली पिशवी काढून घेऊन तिच्यात तोंड घातलेलं असायचं. आत काय आहे ते नीट बघून झालं, की या माणसानं आज काय खायचं ते ती ठरवायची. त्याला स्वतःला काय हवंय, हा प्रश्न तिच्या धंद्यात नव्हता.

साताऱ्यातला तो चौक तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. वर अजिंक्यतारा, खाली पेढ्यांची दुकानं, तांब्या-पितळेची भांडी, चपला, "मेढा, मेढा" असं ओरडणारे वडापचे जीपवाले, आणि या सगळ्यांच्या पायात बसलेल्या भाजीवाल्या. चौकात पहिल्यांदा आलेला माणूस हमखास मधोमध उभा राहून मान वर करून किल्ला बघतो, आणि हमखास त्याला मागून स्कूटर लागते. मलाही लागली होती. स्कूटरवाला मलाच म्हणाला, "पावनं, डोंगार कुटं पळून चाललाय व्हय?"

मी सांगलीहून बदली होऊन आलेला चित्रकलेचा मास्तर. बायकोची नोकरी सांगलीतच, त्यामुळे ती आणि मुलगी तिकडे, मी इकडे चौकामागच्या गल्लीत एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत. स्वयंपाकातलं मला चहा करता यायचा, आणि फारच भूक लागली तर आणखी एकदा चहा करता यायचा.

पहिल्या दिवशी तिनं माझी पिशवी घेतली तेव्हा तिच्यात पावाची लादी आणि फरसाणाची पुडी होती. तिनं दोन्ही वस्तू बाहेर काढून शेजारी लिंबं घेऊन बसलेल्या बाईला दाखवल्या. "चाची, हे बग. बायकू हितं न्हाई ह्येंची." मी म्हटलं, बायको सांगलीला असते. त्यावर दोघींनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं मी शाळेत वही विसरलेल्या मुलाकडे पाहतो. मग तिनं पाव किलो घेवडा मोजला आणि माझ्या पिशवीत टाकला. मला करता येत नाही, असं मी सांगितलं. तर ते कोण विचारतंय, अशा चेहऱ्यानं तिनं कृती सांगायला सुरुवात केली. शिरा कशा काढायच्या, तेल किती, झाकण कधी ठेवायचं, आणि झाकण ठेवल्यावर पुस्तक वाचत बसायचं नाही.

दुसऱ्या दिवशी भाजीआधी माझी तपासणी झाली. मी करपला म्हणून सांगितलं. काळा करपला की तांबडा, असं तिनं विचारलं. तांबडा म्हटल्यावर तिला समाधान वाटलं. हाताला गुण आहे, असं ती लिंबूवालीला म्हणाली. गेल्या बावीस वर्षांत माझ्या हाताला गुण असल्याचं माझ्या मुख्याध्यापकांनी एकदाही म्हटलेलं नाही.

ती मेढ्याच्या पलीकडच्या कुठल्याशा वाडीतली. पहाटेच्या एसटीनं यायची, डोक्यावर गाठोडं, कपाळाला ठसठशीत कुंकू, आणि चौकातून अशी चालायची की रिक्षा थांबायच्या. वय साठीच्या पुढे. सगळा बाजार तिला आक्का म्हणायचा. लिंबूवालीला सगळा बाजार चाची म्हणायचा. दोघींची खरी नावं विचारायची वेळ कधी कुणावर आली नव्हती. माझ्यावरही तोवर आली नाही.

सांगलीचा म्हणून तिनं मला शेवटपर्यंत छळलं. तुमच्याकडं डोंगर नाही, मग लहानपणी तुम्ही बघायचा तरी काय, असं तिनं एकदा अगदी काळजीनं विचारलं. मी म्हटलं, नदी बघायचो की, कृष्णा. तर म्हणाली, "ती तर आमचीच. आमची वापरून झाली का मग येती तुमच्याकडं." सांगलीला गेल्यावर मी ते बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, बाईचं बरोबर आहे.

काही लोकांना ती भाजी विकतच नसे. कासची फुलं बघून परतणारं एक तरुण जोडपं एकदा तिच्यापुढं थांबलं. त्यांनी भारंगीच्या रानभाजीची जुडी हातात धरून फोटो काढले आणि मग ती विकत मागितली. कशी करणार, असं तिनं विचारलं. मुलगा म्हणाला, बघू काहीतरी. तिनं जुडी त्याच्या हातातून अलगद काढून परत पोत्यावर ठेवली. बघू काहीतरी म्हणणाऱ्याला तिची भारंगी मिळत नसे. एका डॉक्टरीणबाईंना तर काल गवार नेली म्हणून आज गवार द्यायला नकार मिळाला, आणि त्या निमूटपणे दुधी घेऊन गेल्या. एकदा गाठोड्यात घेवडा जास्त आला होता. त्या दिवशी आमच्या गल्लीतल्या सात घरांत घेवडा होता. मी जिना चढताना वासावरून मोजला.

आता त्या चौकातली एक रीत तुम्हाला सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. भाजीवाल्यांच्या जागा म्हणजे जमिनीवर अंथरलेलं पोतं, तेवढंच. कुणी चार दिवस गावाला गेलं तर ती जागा शेजारणीनं राखायची. आणि राखायची म्हणजे नुसती नजर ठेवायची नाही. शेजारणीनं स्वतःचा माल स्वतःच्या पोत्यावर मांडायचा आणि स्वतः उठून त्या दुसरीच्या पोत्यावर जाऊन बसायचं. मला हे उलटं वाटलं होतं. मी आक्काला तसं म्हटलंही. तिनं समजावलं, की माझी जागा कोण घेणार, मी तर समोरच आहे. रिकामी पडते ती तिची, म्हणून बूड तिच्या जागेवर पाहिजे. तिथं बसलं की तिचा माल तिच्यासारखा ओरडून विकायचा, तिच्या उधारीवाल्यांना तिच्यासारखं बोलायचं, आणि कुणी विचारलं तर तिचं नाव सांगायचं. स्वतःच्या पोत्याबद्दल कुणी विचारलं, तर ठरलेलं उत्तर असायचं: चहाला गेलीया, येईल.

लिंबूवालीची मुलगी कराडला दिली होती. तिच्या बाळंतपणाला लिंबूवाली पंधरा दिवस गेली आणि आक्का तिच्या जागेवर बसली. लिंबंही विकायला लागली. लिंबूवाली "रसाची, रसाची" असं बारीक आवाजात म्हणायची. आक्काचा आवाज मुळात डोंगरावरून हाक मारायचा. तो दाबून ती तसं म्हणायला लागली की आजूबाजूचा बाजार हसून बेजार व्हायचा.

त्याच पंधरवड्यात चौकात याद्या करायला नगरपालिकेची दोन माणसं आली. चौकात फरशी घालायची होती आणि भाजीवाल्यांना मागच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये नंबर घातलेले ओटे मिळणार होते. जागेवर जो असेल त्याचा फोटो मोबाइलवर काढायचा आणि नाव लिहून घ्यायचं, असं काम. ती माणसं आक्कापुढं आली. फोटो काढला. नाव विचारलं. आक्कानं लिंबूवालीचं नाव सांगितलं. शेजारच्या पोत्यावर घेवडा, शेपू आणि अळूची पानं होती. ही जागा कुणाची, असं त्यांनी विचारलं. आणि आक्का स्वतःबद्दल म्हणाली, "चहाला गेलीया, येईल."

ती माणसं म्हणाली, आम्ही परत येतो. ती परत आली नाहीत.

हे मला संध्याकाळी तिनंच सांगितलं, तेही सहज, दोडक्याच्या शिरा कशा काढायच्या ते सांगता सांगता. मी कपाळाला हात लावला. मी म्हटलं, आक्का, निदान त्या वेळी तरी स्वतःचं नाव सांगायचं. तिला माझंच आश्चर्य वाटलं.

"आवं मास्तर, मी तिच्या जागंव बसल्याली. तितं बसून माजं नाव कसं सांगू?"

महिन्याभरानं यादी लागली. ओटा नंबर सव्वीस: नाव लिंबूवालीचं, फोटो आक्काचा. आक्काचं नाव यादीत कुठंही नव्हतं. लिंबूवाली नातू सव्वा महिन्याचा झाला म्हणून पेढे घेऊन आली होती. तिनं तो फोटो पाहिला आणि पेढ्यांचा पुडा तसाच हातात धरून मटकन खाली बसली. एकीकडे नाव, दुसरीकडे तोंड, आणि दोघींत मिळून चार फुटांचा एक ओटा.

आम्ही अर्ज करायचं ठरवलं. आम्ही म्हणजे मी, कारण लिहिणारा मीच होतो. रविवारी सकाळी मी तिच्यासमोर बसून अर्ज वाचला; नावाची जागा तिला विचारून शेवटी भरायची म्हणून कोरी ठेवली होती. पहिला परिच्छेद तिला फारच आवडला. त्यात ती अनेक वर्षं इथं प्रामाणिकपणे भाजी विकत असल्याचं होतं. 'प्रामाणिकपणे' हा शब्द तिनं लिंबूवालीला ऐकू जावा म्हणून दोनदा वाचायला लावला. दुसऱ्या परिच्छेदात मी खरा प्रकार लिहिला होता: त्या दिवशी लिंबूवाली कराडला असल्यानं आक्का तिच्या जागेवर बसली होती.

हे कशाला लिहिलं, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, हाच तर मुद्दा आहे. पण त्या दिवशी जे हजर नव्हते त्यांना ओटा नाही, असा नियम होता, तो तिला माहीत होता. तिचा ओटा मिळवायचा तर लिंबूवालीचा जाणार होता.

"खोडा ते," ती म्हणाली.

ते खोडलं तर अर्जात काय उरतं, असं मी विचारलं. तिनं कागद उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी होती. चित्राला होईल, असं म्हणून तिनं तो मलाच परत दिला. लिंबूवाली त्यावर खूप भांडली. माझा ओटा जाऊ दे, मी कराडला लेकीकडं जाते, असंही म्हणाली. आक्कानं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती एका बाईची पिशवी तपासत होती.

मग त्या दोघी सव्वीस नंबरच्या ओट्यावर एकत्र बसायला लागल्या. चार फुटांत दोन पोती आणि दोन बायका, त्यातली एक लठ्ठ. कोण ते मी सांगत नाही, दोघीही दुसरीलाच लठ्ठ म्हणायच्या. लिंबं घरंगळून शेपूत जायची आणि लिंबांशेजारच्या मिरच्या अळूत. सकाळी पहिला अर्धा तास सरकण्यावरून भांडण, मग दिवसभर धंदा, आणि निघताना पुन्हा कोण कुणाच्या बाजूला आलं यावरून थोडं भांडण. माझी बायको सुट्टीत आली की मुद्दाम ते ऐकायला यायची. तिची पिशवीही तपासली जायचीच. मास्तरला एकटं ठेवलंय म्हणून दोघी मिळून तिला रागावायच्या, आणि ती दोघींची माफी मागायची. एरवी ती माझी कधी मागत नाही.

खरी पंचाईत महिन्यातून एकदा व्हायची. ओटे तपासायला एक साहेब यायचे. ओट्याबरोबर मिळालेलं नाव-फोटोचं कार्ड हातात घ्यायचे, फोटोशी तोंड जुळवायचे आणि नाव विचारायचे. फोटो आक्काचा, त्यामुळे उत्तर आक्कानंच द्यायचं, आणि ते लिंबूवालीचं नाव असायचं. पहिल्या खेपेला साहेबांनी कार्डावरचं नाव वाचलं, मग आक्काच्या कपाळावरचं कुंकू पाहिलं, मग पुन्हा नाव वाचलं. नाव मुसलमानाचं, कुंकू रुपयाएवढं.

"हे नाव तुमचंच?" त्यांनी विचारलं.

"मग कुनाचं असनार? तुमी लिंबं घेनार हाय का?"

साहेबांनी लिंबूवालीला विचारलं, तुम्ही कोण. तिनं आक्काचं नाव सांगितलं, आणि मदतीला बसते म्हणाली. साहेब दोन लिंबं घेऊन पुढच्या ओट्यावर गेले. तेव्हापासून दर महिन्याला हे नाटक चालायचं. आदल्या दिवशी दोघी एकमेकींची तालीम घ्यायच्या. एकदा आक्का गडबडली आणि स्वतःचंच नाव सांगून बसली. मी समोरच उभा होतो. साहेबांनी कार्डावरून नजर न उचलता "नीट आठवून सांगा" एवढंच म्हटलं. आक्कानं आठवून सांगितलं.

असं दोन वर्षं चाललं.

मागच्या हिवाळ्यात आक्का सलग तीन दिवस आली नाही. तिच्याकडे फोन होता, पण तो तिच्या घरी कणगीवर ठेवलेला असायचा आणि वाजला की घाबरून कुणी उचलत नसे. चौथ्या दिवशी मेढ्याच्या वडापवाल्यानं सांगितलं. संध्याकाळी परड्यात घेवडा खुडायला गेली होती, तिथंच बसली. माणसं गेली तेव्हा ओटीत घेवडा होता आणि ती नव्हती. तिसरा दिवसही होऊन गेला होता.

मला तिथं चौकात, सगळ्यांसमोर रडू आलं. मला लाज वाटली नाही. लिंबूवाली रडली नाही. ती लिंबं एका बाजूला सारून उठली आणि मला म्हणाली, चला.

चौकाच्या कोपऱ्यावर पानाच्या दुकानाला टेकवून एक फळा ठेवलेला असतो. बाजारातलं कुणी गेलं की त्यावर नाव लिहितात आणि तासभर व्यवहार बंद ठेवतात. अक्षर चांगलं म्हणून हे काम बरेचदा माझ्याकडे येतं. पानवाल्यानं खडू दिला. मी हात वर केला आणि तसाच थांबलो.

खरं नाव लिहिलं तर सव्वीस नंबरच्या ओट्याचं बिंग फुटणार होतं. त्या नावाची बाई म्हणून दोन वर्षं लिंबूवाली साहेबांपुढं बसली होती, आणि कार्डावरचा चेहरा तर आता या जगात नव्हता. पानवाल्याच्याही ते ध्यानात आलं. तो हळूच म्हणाला, नुसतं 'आक्का' लिहा, सगळ्यांना समजतंय. मला ते पटलं. मी 'आ' लिहिलासुद्धा.

लिंबूवालीनं पदरानं तो 'आ' पुसला.

"आक्का बाजारात धा हायत," ती म्हणाली. "तिचं नाव लिवा. बापाचं लिवा, गावाचं लिवा, समदं लिवा."

मी म्हटलं, चाची, आज साहेब यायचा दिवस आहे. ते वाचतील. ओटा जाईल.

"जाऊ द्या. दोन वर्सं माजं नाव सांगत बसली ती. आता तरी तिचं तिला द्या."

मी लिहिलं. शाळेच्या भिंतीवर सुविचार लिहितो तेव्हा मी इतकी काळजी घेत नाही. आधी शिरोरेषा आखली, मग अक्षरं काढली, मग त्यांना सावली दिली. वाडीचं नाव, मेढ्याचं नाव, तालुका जावळी. इतकी वर्षं मी तिच्या हातची भाजी घेतली, तिच्या शिव्या खाल्ल्या, तिनं सांगितलेलं शिजवून खाल्लं, आणि तिचं पूर्ण नाव मी तेव्हा पहिल्यांदा लिहिलं. लिंबूवाली एकेक शब्द सांगत होती. वाचता येत नसलं तरी झाल्यावर तिनं मला ते दोनदा मोठ्यानं वाचायला लावलं.

लोक थांबून वाचत होते आणि विचारत होते, ही कोण. लिंबूवाली प्रत्येकाला सांगत होती, की ही म्हणजे आपली आक्का, सव्वीस नंबरची, भाजीवाली. काही जणांना ते दोनदा सांगावं लागलं, आणि तिनं सांगितलं. डॉक्टरीणबाई ऐकून पिशवी छातीशी धरून उभ्या राहिल्या.

दुपारी साहेब आले. हेल्मेट काखेत धरून त्यांनी फळा वरपासून खालपर्यंत वाचला. मग ओट्याशी आले आणि त्यांनी कार्ड मागितलं. लिंबूवालीनं ते पुढं केलं, आणि त्यांनी विचारायच्या आत स्वतःचं नाव सांगितलं. तिचं खरं नाव, कार्डावर होतं तेच. साहेबांनी कार्डावरचा फोटो पाहिला, तिच्याकडे पाहिलं.

"हा फोटो जुना झालाय," ते म्हणाले. "सोमवारपर्यंत नवा आणून द्या."

ओटा राहिला. आता त्यावर लिंबूवाली एकटीच बसते आणि चार फूट जागा तिला पुरत नाही, कारण ती अजून एका बाजूलाच सरकून बसते. मी भाजी दुसरीकडून घेतो. ती बाई मी मागेन ते देते, आणि मला काय मागावं ते सुचत नाही.

आक्काचं नाव मी इथं लिहीत नाही. ते तुम्ही लिंबूवालीला विचारा. साताऱ्यात आलात की चौकात जा, दोन लिंबं घ्या आणि विचारा. ती हातातलं काम ठेवून सांगेल, बापाच्या आणि गावाच्या नावासकट, आणि तुम्ही ते नीट ऐकलंत ना, हे बघितल्याशिवाय लिंबं हातात देणार नाही.